साबण लावला तरी मी बोंबलणार

मित्रांनो, मी एक जुना फॅन बेल्ट आहे. आमच्या ड्रायव्हरने, चंदूने, माझं नाव बोंबल्या ठेवलं होतं आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. गाडीचं इंजिन सुरू झालं की मी पाण्याचा पंप फिरवतो, बॅटरीही माझ्याच जोरावर भरते. मी तुटलो तर इंजिन तापून उकळतं आणि गाडी भररस्त्यात बसते.

रबर आणि मजबूत दोरे एकत्र करून कारखान्यात मला घडवलं. तिथून मी मथुराच्या टेम्पोत आलो. मथुरा वेसाव्याची कोळीण, आणि चंदू तिचा धाकटा भाऊ. तो टेम्पो चालवायचा. रोज सकाळी बर्फातले मासे घेऊन आम्ही कुर्ल्याच्या बाजारात जायचो. दसऱ्याला टेम्पोला झेंडूचा हार मिळाला, चाकांपुढे नारळ फुटला. बॉनेट मात्र कोणी उघडलं नाही. मला राग आला, तरी मी फिरत राहिलो.

वर्षं गेली. माझ्या अंगाला बारीक चिरा पडल्या, आतली बाजू घासून गुळगुळीत झाली. मग मी सांगायला लागलो. टेम्पो सुरू होताच कुईंऽऽ करून ओरडायचो. चंदूने काय करावं? धुण्याच्या साबणाची वडी आणली आणि इंजिन बंद करून माझ्या अंगावर घासली! मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी दुप्पट ओरडलो.

“बाय, बेल्टला काय नाय झालंय,” तो मथुराला म्हणायचा. “गाडी लांब जातेच कुठं? मीटर बघ, किती कमी पळालीय!”

अरे, मीटर रस्ता मोजतो! साकीनाक्याच्या गर्दीत टेम्पो उभा असतो तेव्हाही मी फिरतच असतो, ते कोण मोजणार?

एकदा बाजारात एक गिऱ्हाईक मथुराला म्हणालं, “अहो मावशी, केवढ्यानं ओरडता!”

“नाय ओरडले तर पापलेट काय चालत येनार तुझ्या घरी?” मथुरा म्हणाली.

तेवढ्यात मागे चंदूने टेम्पो सुरू केला. मी जीव खाऊन बोंबललो. तो इंजिन बंद करून साबण घेऊन उतरला, तर मथुराने त्याचा हात धरला.

“उद्या माझ्या तोंडाला पन साबण लावशील काय रं? बेल्ट उगाच नाय ओरडत. चल गॅरेजला!”

गॅरेजमध्ये रतन मेकॅनिकने मला काढून उलटा वाकवला. माझ्या सगळ्या चिरा उघड्या पडल्या. चंदूने साबणाची वडी खिशात लपवली. भर उन्हात, पेट्या माशांनी भरलेल्या असताना मी तुटलो असतो तर सगळा माल नासला असता.

मित्रांनो, बेल्ट ओरडला, त्याला चिरा पडल्या किंवा तो गुळगुळीत झाला की बदला. दिसायला धडधाकट असला, तरी वर्षं झाली की तपासून घ्या. त्याचं तोंड बंद करू नका.

मथुराने मला फेकलं नाही. बर्फाच्या पेटीचं झाकण आता मी घट्ट आवळून धरतो. पुढे इंजिनात नवा बेल्ट फिरतो. अजून तरणा आहे, गप्प असतो. मी त्याला बजावून ठेवलंय, वेळ आली की ओरड. साबण दिसला तर आणखी जोरात ओरड.