काचेआडचा कर्णा

मी एक जुना कर्णा आहे. पत्र्याचा, हाताने ठोकून केलेला, एका बाजूला चेपलेला. मित्रांनो, हॅम्बर्गच्या बंदरालगतच्या एका झकपक इमारतीत, काचेच्या पेटीत मी उभा असतो. माझ्यावर मंद दिवा सोडलेला आहे. लोक येतात, मान वाकडी करून बघतात, "किती साधा आहे ना!" म्हणतात आणि पुढे जातात. मला मराठी कशी येते, असं तुम्हाला वाटलं असेल. तेही सांगतो, पण आधी जन्माची गोष्ट.

माझा जन्म एका माणसाच्या घशामुळे झाला. क्वामेना आन्सा त्याचं नाव. घानाहून तो जहाजावर काम करत इथे आला आणि बंदरावर हमाल म्हणून राहिला. त्या काळी काळ्या कामगारांना सकाळी फाटकापाशी उभं करून निवडत. कोणालाच नको असलेलं काम त्यांच्या वाट्याला येई, ते म्हणजे कोकोच्या पोत्यांनी भरलेल्या जहाजाच्या पोटात उतरायचं. पोत्यांना कीड लागू नये म्हणून तिथे विषारी वायू सोडलेला असे. एकदा तो पुरता निघून जायच्या आत माणसं खाली उतरवली. क्वामेनाचा जोडीदार तिथेच गेला. क्वामेना वाचला, पण त्याचा आवाज गेला. उरली ती नुसती घोगरी कुजबुज.

बंदरातल्या मोठ्या युनियनने दुःख व्यक्त केलं आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. मग काळ्या कामगारांनी आपली वेगळी युनियन काढली. एका चर्चच्या स्वयंपाकघरात पहिली सभा भरली. पुढारी म्हणून सगळ्यांना क्वामेनाच हवा होता, पण त्याचं बोलणं मागच्या माणसांना ऐकू जाईना. तेव्हा टेटे नावाच्या त्याच्या दोस्ताने कोकोच्या लोण्याचा मोठा रिकामा डबा कापला. पत्रा गुंडाळून शिवण ठोकली, ओठ कापू नयेत म्हणून तोंडाशी कातडं लावलं आणि म्हणाला, "घे, हा तुझा घसा."

तो मी.

दुसऱ्या दिवशी फाटकावर भुरभुर पाऊस होता. क्वामेनाने मला तोंडाला लावलं आणि त्याची कुजबुज माझ्या पोटातून गडगडत बाहेर पडली. "हवा तपासल्याशिवाय एकही माणूस खाली उतरणार नाही!" आणि खरंच कोणी उतरलं नाही. जहाजं तशीच उभी राहिली. मालकांनी आधी दम दिला, मग गोड बोलून पाहिलं, आणि शेवटी अट मान्य केली. त्या दिवशी माणसांनी क्वामेनाला खांद्यावर घेतलं आणि क्वामेनाने मला डोक्यावर धरलं. माझ्या आयुष्यात त्याहून उंच मी कधी गेलो नाही.

पुढे बंदरात यंत्रं आली, हमाल गेले, युनियन विरून गेली. क्वामेना म्हातारा झाला. जुन्या खुणा कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून त्याने बिलश्टेट भागात, बंद पडलेल्या एका बेकरीच्या दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं. दोस्तांची ओळखपत्रं, हातमोजे, सभांचे फोटो, आणि भिंतीवर खिळ्याला मी. पण मित्रांनो, ते नावालाच संग्रहालय होतं. संध्याकाळी तिथे मुलं गृहपाठाला बसत. घरमालक छळतो, साहेब ओरडतो, डॉक्टर नीट ऐकून घेत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं येत आणि कोणीतरी त्यांच्याबरोबर उठून जाई. शनिवारी क्वामेनाची भाची अकोसुआ शेंगदाण्याचं सूप करायची आणि जेवण तयार झालं की मला खिळ्यावरून काढून रस्त्यावर हाक मारायची. वाढदिवसाला पोरं माझ्यातून गाणी ओरडत. मला पोचे आले ते तेव्हाच. कोणी मला जपत नव्हतं आणि मी मजेत होतो.

तिथेच अश्लेषा आली. इचलकरंजीची मुलगी, वडील यंत्रमागावर कामाला. कामगारांच्या इतिहासावर संशोधन करायला ती हॅम्बर्गला आली होती. एक दिवस माहिती विचारायला आली, सूप पिऊन गेली आणि मग येतच राहिली. मला पुसता पुसता ती फोनवर आईशी बोलायची. मराठी मी तशी शिकलो. क्वामेनाला समोर ती जर्मन रीतीने 'हेर आन्सा', म्हणजे श्रीयुत आन्सा, म्हणायची, पण आईला सांगताना 'आन्साकाका'. म्हणून मीही आता आन्साकाकाच म्हणतो.

मग आमचं नाव झालं. वर्तमानपत्रांत फोटो आले, मोठमोठ्या लोकांनी मदत देऊ केली, बंदरालगत नवी इमारत मिळाली. संचालक म्हणून फ्राऊ लेनार्ट्स आल्या. बाई शिकलेल्या आणि सभ्य. आन्साकाकांचे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आता हे सगळं कायमचं सुरक्षित आहे." काकांनी मला त्यांच्या स्वाधीन केलं. अश्लेषाला तिथे नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीच्या आधाराने जर्मनीत राहायची परवानगीही.

गृहपाठाची मुलं मात्र नव्या इमारतीत आली नाहीत. त्यांच्यासाठी खोली नव्हती. सुपाचा वास चित्रांना बाधतो, म्हणून सूपही बंद झालं. अकोसुआ आली, ती झाडूपोछा करायला. सफाईचं काम एका ठेकेदाराला दिलं होतं, आणि तिने त्याच्याकडे नोकरी धरली होती. पहाटे ती माझी काच पुसायची आणि हळूच टिचकी मारून म्हणायची, "काय रे, गप्पसा?"

पुढे ठेकेदाराने बायका कमी केल्या. मजले तेवढेच राहिले. धावतपळत काम करताना एकीचा पाय जिन्यावर घसरला आणि हात मोडला. तेव्हा अकोसुआने बाकीच्यांना गोळा केलं. कामगारांची समिती निवडायची, असं ठरलं. तसा कायदाच आहे इथला. निवडणुकीची सूचना भिंतीवर लागली मात्र, ठेकेदाराने अकोसुआला सांगितलं, "तुझं कंत्राट संपतंय. वाढवणार नाही."

आन्साकाका फ्राऊ लेनार्ट्सना भेटायला आले. माझ्या पेटीसमोरच ते बोलणं झालं.

"हेर आन्सा, मला फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण त्या आमच्या कर्मचारी नाहीत. ठेकेदाराच्या कारभारात आम्ही कसं पडणार?"

"आम्हालाही बंदराचे मालक हेच सांगायचे," काका कुजबुजले. "तुम्ही ते वाक्य वरच्या मजल्यावर भिंतीवर लिहिलंय. मोठ्या अक्षरांत."

बाईंनी मान खाली घातली. पण शब्द बदलला नाही.

नव्या दालनाच्या उद्घाटनाच्या सकाळी बायका दाराबाहेर उभ्या राहिल्या. हातात बादल्या आणि पोछे. आत पाहुणे जमत होते, बाहेर पाऊस पडत होता. आन्साकाका काठी टेकत माझ्यापाशी आले आणि अश्लेषाला म्हणाले, "मुली, काच उघड."

फ्राऊ लेनार्ट्स लगबगीने आल्या. "हेर आन्सा, तो आता संग्रहाचा आहे. पाण्याने गंजेल."

"तो पावसातच वाढलाय."

"तुम्ही आत बोला ना. कार्यक्रमात तुमच्यासाठी वेळ ठेवलाय."

"आणि अकोसुआ? तिला आत घ्याल?"

बाई अश्लेषाकडे वळल्या. किल्ली अश्लेषाच्या हातात होती. "अश्लेषा, नीट विचार करा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचं इथलं राहणं या नोकरीवर आहे."

"हो, माहीत आहे मला," अश्लेषा म्हणाली आणि तिने कुलूप उघडलं.

किती वर्षांनी माणसाचा श्वास माझ्यात शिरला, मित्रांनो! काका पायरीवर उभे राहिले. "आमचा जोडीदार जहाजात मेला, तेव्हा हेच म्हणाले होते, ती आमची माणसं नाहीत! मग कोणाची? हिला परत कामावर घ्या!" बायकांनी बादल्या बडवल्या. माझी जुनी शिवण थरारून गेली. मला वाटलं, आता जहाजं थांबणार.

पाहुणे बाहेर आले. त्यांनी मोबाइल उंच धरले. आणि काकांचं बोलणं संपताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, हसतमुखाने. उद्घाटनाचा हा खास कार्यक्रम आहे, असं त्यांना वाटलं होतं. "काय जिवंत सादरीकरण!" एक बाई डोळे टिपत म्हणाली. मग गार वारं सुटलं आणि सगळे वाइन प्यायला आत गेले.

अकोसुआने काकांच्या हातातून मला घेतलं आणि अश्लेषाकडे दिलं. "वोफा, चल घरी," ती म्हणाली. वोफा म्हणजे मामा. काका काठी टेकत निघाले. ते पुन्हा कधी इथे आले नाहीत.

अकोसुआला काम परत मिळालं नाही. समितीची निवडणूक झाली नाही. मला पेटीत ठेवायला अश्लेषा शेवटची आली, तेव्हा फोनवर आई विचारत होती, "अगं, पण झालं काय?" ती म्हणाली, "काही नाही गं आई. माझं कंत्राट संपलं."

त्या पावसाने माझ्या घशात गंजाचा एक ठिपका उठला. तो काढायला दूरच्या शहरातून तज्ज्ञ बोलावला. पांढरे हातमोजे घालून, भिंगातून बघत, त्याने तो हळुवार टिपला. जिन्यावर पडलेल्या बाईच्या हाताला कोणी असं हळुवार धरलं होतं का, मला ठाऊक नाही. आता प्रवेशदाराशी एक भिंतभर फोटो लावला आहे. पावसात आन्साकाका, त्यांच्या ओठांशी मी, मागे बादल्या घेतलेल्या बायका. खाली एका शब्दाने सांगितलेलं नाही की त्या कोणाच्या दाराशी उभ्या होत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणायला हवं. माझ्यासारखे सगळे तेच म्हणतात. पण मला इतकं जपलंय की मी मुका झालोय. म्हणून वेगळंच मागतो. अशा एखाद्या चकचकीत दालनात गेलात, तर माझ्यासारख्यापुढे थोडा कमी वेळ थांबा. काच पुसणारी बाई दिसली, तर तिला नाव विचारा. आणि ती कधी दाराबाहेर उभी राहून काही सांगत असली, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका. तिच्या शेजारी जाऊन उभे राहा.