बाकावरचा भुंगा

"अहो, आज माझ्या भावाला कार्डबिर्ड दाखवायचं नाही हं!" शिट्टी हातात देता देता बायकोने दम भरला.

"तो खेळणारच नाहीये, नुसता बाकावर बसणार. बसलेल्या माणसाला कसलं कार्ड?" वायरमन हसला.

इथेच चुकलं! आणि एकट्या त्याचं नाही, आपलं सगळ्यांचंच इथे चुकतं.

आठवडाभर खांबावर चढणारा हा वायरमन रविवारी फुटबॉलचा रेफरी व्हायचा. मेहुण्याचं तोंड कधी बंद नसायचं, म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणत. तो राखीव खेळाडू. सहा सामने बाकावर बसून त्याचं टाळकं तापलेलं.

समोरच्या टीममध्ये एक पोस्टमन होता. दिवसभर सायकल मारून पाय असे झालेले, की चेंडू घेऊन कडेने सुटला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. तो बाकासमोरून गेला की भुंगा ओरडायचा, "ए टपाल! तंगडी तोडून पार्सल करीन!" अख्खा बाक खिदळायचा. वायरमनलाही हसू यायचं.

मग पोस्टमनच्या पायात पाण्याची बाटली आली. तो धडपडला, कसाबसा सावरला. चेंडू बाहेर गेला.

रेषेवर झेंडा घेऊन नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी वायरमनला जवळ बोलावलं. "बाटली भुंग्याने टाकली. मी पाहिलंय. पिवळं कार्ड दाखवा."

"सोडा हो बाई. बाकावरचा आहे, मस्ती करतोय."

"बाकावरच्यालाही तुमचीच शिट्टी लागू आहे. रेषेबाहेर बसला म्हणून तो सुटत नाही. का मेहुणा म्हणून हात जड झालाय?"

"तुम्ही तुमचा झेंडा सांभाळा!"

"तेच करतेय," बाई म्हणाल्या.

सामना संपत आला होता. पोस्टमन पुन्हा बाकाच्या कडेने सुटला. पुढे फक्त गोलकीपर! आणि भुंग्याने बसल्या बसल्या पाय लांब केला.

कट्ट!

हो, आवाज आला. बाई झेंडा टाकून धावल्या. पोस्टमनचा गुडघा भलतीकडेच वळला होता.

"मी तर बसलोच होतो!" भुंगा किंचाळला. "भावजी, सांगा ना यांना! मी काय खेळत होतो का?"

वायरमनने लाल कार्ड काढलं. भुंग्याचा कॅप्टन दात काढून म्हणाला, "दाखवा की! आमचे अकराच्या अकरा आतच आहेत."

खरंच होतं ते. राखीव खेळाडू बाहेर काढला, तरी टीमचा माणूस कमी होत नाही. फ्री किक मिळाली, ती वाया गेली. भुंग्याची टीम जिंकली, नाचली!

स्ट्रेचर नव्हतं. पोस्टमनला त्याच बाकावर आडवं घातलं आणि चौघांनी उचललं. जाता जाता त्याने विचारलं, "साहेब, बाटलीच्या वेळी शिट्टी का नाही वाजवली?"



घरी बायको दारातच फणकारली. "दाखवलंतच ना शेवटी माझ्या भावाला!"

"उशिरा दाखवलं," तो म्हणाला. "बाटलीच्या वेळीच दाखवलं असतं तर तो घाबरून गप बसला असता. तो गुडघा एकट्या तुझ्या भावाने नाही मोडला. मीपण मोडला."

बायकोने शिट्टी कपाटात ठेवून दिली.

पुढच्या रविवारी त्याने ती स्वतः काढली. नाणेफेकीआधी तो दोन्ही बाकांसमोर जाऊन उभा राहिला. "इथे बसलेला प्रत्येक जण खेळात आहे. पहिल्या घाणेरड्या शब्दाला कार्ड. माझा सख्खा भाऊ असला तरी!" कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नुसता झेंडा उचलला.

पोस्टमन आता सायकल मारत नाही. पोस्टाच्या खिडकीत बसून पाकिटांवर शिक्के मारतो.

दोस्तांनो, आपल्याही घरात, कामावर, गल्लीत असा एक बाक असतोच. तिथून कुणीतरी बाटली टाकतो आणि आपण म्हणतो, मस्ती करतोय! अरे, त्याच वेळी शिट्टी वाजवा! पाय मोडल्यावर वाजवलेली शिट्टी नुसता आवाज करते.