गोजराचं गोंदण

बोनकोड्यात हळद आहे आणि हिरामण फोटोवाला नाही, असं अंकुरच्या लग्नापर्यंत कधी घडलं नव्हतं. मटण कमी पडलं तर लोक एकवेळ पोटात घालतील, पण हिरामणचा कॅमेरा हवाच. अंकुरने मात्र लग्नाच्या तोंडावर नवा फोन घेतला होता, आणि नवा फोन हातात आलेल्या माणसाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला जाऊ नये.

अंकुरच्या हळदीलाही हिरामण रीतीप्रमाणे कॅमेरा गळ्यात अडकवून मांडवात आला. अंकुरची आई गोजरा नवं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. "हिरामन, माजा येकटीचा येक काड. मागनं भिंतीवर लावाला," ती म्हणाली. म्हातारी माणसं असा फोटो जिवंतपणीच काढून ठेवतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. हिरामणने कॅमेरा डोळ्याला लावला, तेवढ्यात अंकुरने भिंगापुढे हात धरला.

"काका, तुमी जेवून घ्या. फोनमदी याच्याहून भारी येतो."

मांडव हसला. हिरामणही हसला, कॅमेरा पिशवीत घालून पंगतीला बसला. पुढच्या लग्नांत मग सगळ्या गावानेच अंकुरचा कित्ता गिरवला. गरज सरो, वैद्य मरो.

यंदा गोजरा झोपेतच गेली. अंकुरने हळदीत आपल्या फोनवर काढलेलाच फोटो निवडून मोठा करून घेतला आणि बाराव्याच्या आदल्या दिवशी फ्रेम घरी आणली. उलव्याहून आलेली गंगूमावशी, गोजराची थोरली बहीण, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी कितीतरी वेळ काचेजवळ तोंड नेऊन बघत राहिली.

"ही कोन?"

"मावशे, आय ना आपली."

"माज्या भयनीचं गोंदन कुठं हाय?"

अंकुरने बघितलं. आईचं कपाळ गुळगुळीत होतं, हनुवटी गुळगुळीत होती. चेहरा नितळ करून देणारी सोय फोनमध्ये पहिल्या दिवसापासून चालूच होती. सुरकुत्या, मुरुम, डाग, गोंदण, जे दिसेल ते त्या सोयीने पुसलं होतं.

"अंगावरचं सोनं समदे काडून घेतात," गंगू म्हणाली. "वर जाताना बाईसंगं गोंदनच जातं. आमी दोगी येकाच दिवशी गोंदून घेतलं, मी तिचा हात धरला व्हता. ह्या परक्या बाईला मी उद्या निवद दावनार नाय."

अंकुरने फोन उघडला. सण, साखरपुडे, वाढदिवस, हजारो फोटो. कितीतरी फोटोंत आई होती आणि एकातही गोंदण नव्हतं. आधार कार्डावर तर नाकाशिवाय काही कळत नव्हतं. लग्नाचे जुने अल्बम त्यानेच घर पाडून इमारत बांधली तेव्हा फेकून दिले होते. फोन असताना ही वाळवीची घरं कशाला, असं तेव्हा तो म्हणाला होता.

आणि मग त्याला ते आठवलं. हळदीचे फोटो बघताना आईने विचारलं होतं, "माजं गोंदन कुठं गेलं रं?" तो म्हणाला होता, "डाग गेले, आये. कशी तरनी दिसतेस बघ." "डाग नाय ते," ती हळूच म्हणाली होती आणि फोन परत दिला होता. त्याला आता स्वतःचीच शरम वाटली.

तो तसाच हिरामणकडे गेला. स्टुडिओची पाटी अजून होती, पण आत मोबाईलची कव्हरं टांगलेली होती.

"कॅमेरा इकला. नुसता धूल खात व्हता," हिरामण म्हणाला. "जुने फोटो, निगेटिव, समदं भंगारात दिलं. मागाला कोन येत व्हतं? का रं, फोनमदी नाय का?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते बोलणं अंकुरला जास्त लागलं.

"काका, त्या दिवशी मी मदी हात घातला नसता तर..."

"अरं जाव दे. तवा समद्यांनाच फोन बरा वाटला. मलाबी वाटला," हिरामण म्हणाला, आणि एका पोरीच्या फोनला काच चिकटवायला वळला.

अंकुर हात हलवत घरी आला. गंगू काजळाची डबी घेऊन फ्रेमसमोर बसलेली होती.

"माजा हात कापतो," ती म्हणाली. "काचेवर तूच लाव. जसं व्हतं तसं."

त्याने बोट बुडवलं, काचेपाशी नेलं आणि थांबला. कपाळावर किती ठिपके होते? तीन? चार? हनुवटीवर एक, की दोन? याच तोंडाकडे बघत तो लहानाचा मोठा झाला होता, आणि त्याला आठवत नव्हतं. मावशीच्या कपाळावरचं बघावं, तर ते सुरकुत्यांत केव्हाच विरून गेलं होतं. तिला विचारावं, तर कुठल्या तोंडाने विचारणार? पोटच्या पोराला आईचं तोंड माहीत नाही म्हणून? त्याने अंदाजाने कपाळावर तीन ठिपके दिले आणि हनुवटीवर एक.

गंगूने डोळे बारीक करून काचेला नाक लावलं. तिला काळं तेवढं दिसलं आणि तिचा चेहरा फुलला.

"हां. आता माजी गोजरा वलकली."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः त्या फोटोला निवद दाखवला. अंकुरने सगळ्यांबरोबर हात जोडले, पण मान वर करून फोटोकडे बघायची त्याची छाती झाली नाही.