बेंबीतून काढलेले जंत

सोमवारी सकाळी महादेवाच्या पारावर पाय ठेवायला जागा उरायची नाही. मुरुम गावापासून दोन कोसांवरच्या त्या खेड्यात पंचक्रोशीतली पोटं गोळा व्हायची. फुगलेली, खपाटीला गेलेली, गुरगुरणारी. पोटांच्या मागोमाग त्यांचे धनी.

मधोमध वीरप्पाबाबा बसायचे. हातात वीतभर तांब्याची नळी, पुढ्यात हळदीच्या पाण्याचं पितळी तबक.

"पोट म्हंजी काय? वारूळ!" बाबा ओरडायचे. "जंत म्हंजी काय? वासुकीची पिलावळ! डॉक्टर गोळी देतो. जंत ती गोळी खातो आन् लठ्ठ होतो. म्या गोळी देत न्हाय. म्या त्याला नावानं हाक मारतो!"

मग दर माणसाआधी बाबा बटव्यातली चिमूटभर विभूती तोंडात टाकायचे आणि त्या क्षणापासून त्यांचं मौन सुरू व्हायचं. ज्या जंताला नावानं हाक मारायची, त्याचं नाव मौनात कसं घेत असतील हे कुणी विचारलं नाही. नळी बेंबीवर टेकवायची, गाल आत ओढायचे आणि तबकात पच्च करून थुंकायचं. पाण्यात मळकट पांढरा, बोटभर जंत. मग दुसरा. माणसामागं दहा-बारा तरी निघायचेच. जंत हलत नसत, कारण ते मंत्रानं मेलेले असत. असं बाबाच सांगायचे, मौन सुटल्यावर.

तबक नीलम्माचं होतं. बाबांना गावात आणलं तेही नीलम्मानं. ओसरीवर जागा दिली, रोजचा शिधा दिला, वर सूपभर शेवया दिल्या. नीलम्माच्या शेवया म्हणजे खपली गव्हाच्या, पाटावर वळलेल्या, केसासारख्या. त्या ती ऐऱ्यागैऱ्याला देत नसे.

हे सगळं सुनेसाठी, शिवकांतासाठी. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि निजाम गेला तेव्हा ही पोर मुरुमच्या बाजारातून ज्वारीची पायली डोक्यावर आणायची. आता रिकामी घागर उचलताना तिला धाप लागे. नखं कागदासारखी पांढरी, पावलांवर सूज, आणि चोरून चुलीची माती खायची.

मुलगा महालिंगप्पा तिला एकदा मुरुमच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. बाजारातलं जंताचं औषध दोनदा देऊन गुण आला नाही म्हणून. अंबादास डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली आणि सांगितलं, "उद्या सकाळची शी डबीत घालून आणा. तपासल्याशिवाय औषध देणार नाही. आणि उशीर करू नका. रक्त इतकं कमी आहे की आणखी दोन महिने असेच गेले तर हृदय थकेल."

नीलम्मा कडाडली होती. "आमच्या घरची सून शी घेऊन गावातनं जाणार? लोक इचारतील, कशाचा परसाद वाटायला निघाली म्हणून!"

डबी गेली नाही. बाबा आले. पाच सोमवारांत शिवकांताच्या पोटातून पन्नासएक जंत निघाले, आणि शिवकांता उंबरा ओलांडतानाही भिंत धरू लागली.

"राणीजंत राहिलाय," बाबा म्हणाले. "पुढच्या सोमवारी काढतो. डॉक्टरचं औषध पोटात गेलं तर राणी डोक्यात चढंल, मंग माझ्याकडं येऊ नका."

त्या संध्याकाळी नीलम्मा तबक घासायला बसली. ते ती नागूबाई मोलकरणीला घासू देत नसे, नागूबाई ओरखडे पाडते. काठाला एक जंत चिकटला होता. राखेच्या बोटानं तो निपटता निपटता ती थांबली. जंत बरोबर मधोमध मुडपलेला होता.

असं मुडपलेलं तिनं आयुष्यभर बघितलं होतं. ओल्या शेवया काठीवर वाळत घातल्या की जिथं काठी लागते तिथं अशीच मुडप पडते. तिनं जंत चिमटीत दाबला. पीठ झालं. बोटं एकमेकांना चिकटली. खपलीच.

नीलम्मानं तबक धुवून पालथं घातलं. बाबा खोटा निघाला याचं तिला तेवढं वाटलं नाही. त्याला आपण आणलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गप्प बसलं तर मान राहत होती. आत शिवकांता कूस बदलताना धापा टाकत होती.

सोमवारी बाबांनी विभूती तोंडात टाकली. मौन सुरू झालं. नीलम्मा तांब्या घेऊन उभी राहिली.

"बाबा, राणीचं नाव काय वो? निस्तं नाव सांगा."

बाबांनी आभाळाकडं बोट दाखवलं.

"मौन हाय व्हय? बरं. मौनात चूळ भरता येती. भरा."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. गर्दीत खुसफुस झाली. बाबांचा गळा वर-खाली झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि गिळता गिळता असा ठसका लागला की आठ-दहा जंत त्यांच्याच दाढीवर येऊन लोंबकळले. शिवकांता तेव्हा चार हात लांब बसली होती, पदर पोटावर घट्ट धरून.

"बया बया!" रांगेतली धुरपदाबाई किंचाळली. "जंत बाबाच्याच पोटात झाले की!"

"पोटात न्हाय गं, गालात," नीलम्मा म्हणाली. तिनं बटवा उपडा केला. विभूतीखाली पानात गुंडाळलेल्या भिजवलेल्या शेवया निघाल्या, बोटभर तोडलेल्या. "ह्या माझ्या. विभूतीबरोबर गालात धरायच्या, नळी चोखल्यागत करायचं आन् एकेक थुकायची. म्हणून तर मौन! तोंड भरलं की कोण बोलणार?"

"पन् नीलम्मा, माझं पोट हलकं झालं होतं," धुरपदाबाई म्हणाली.

"आदल्या दिवशी उपास सांगितला होता ना त्यानं? माझी म्हैस बी एक दिस उपाशी ठेवली तर हलकी होती."

तरी काही जणांचा विश्वास बसेना. नीलम्मानं तिथंच चूल मांडायला लावली. पानातले जंत गूळ-दुधात शिजवले आणि सगळ्यांदेखत एक पळी तोंडात घातली.

"गूळ कमी पडला," ती म्हणाली.

खीर निवायच्या आत बाबा शिवेपार झाले. नळी राहिली. ती नागूबाईनं चूल फुंकायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीत सुनेशेजारी नीलम्मा बसली, मांडीवर डबी. वाटेत महादेवाच्या पुजाऱ्यानं विचारलं, "अव्वा, डबीत काय?"

"सुनेची शी. बघायची हाय?"

मुरुमपर्यंत मग कुणी काही विचारलं नाही.

डॉक्टरांनी काचेवर थेंबभर घेऊन भिंगाच्या यंत्राखाली धरलं, मग नीलम्मालाच बघायला लावलं. काचेच्या मण्यासारखं काहीतरी लांबट, आत ढेकळं.

"हे अंडं," डॉक्टर म्हणाले. "अंकुशकृमीचं. हा जंत दोऱ्यासारखा बारीक, नखाएवढा. आतड्याला चिकटून रक्त पितो. बाजारातलं औषध दुसऱ्या जंतावरचं होतं, म्हणून गुण आला नाही. कुठला जंत ते कळल्याशिवाय औषध म्हणजे अंधारात दगड."

"हा गव्हाचा न्हाय," नीलम्मा म्हणाली.

आधी लोहाचं औषध, रक्त थोडं भरल्यावर जंताचं, तेही दवाखान्यात, डॉक्टरांसमोर. मग पुन्हा डबी. थोडी अंडी राहिली होती. पुन्हा औषध, पुन्हा डबी. तिसऱ्या महिन्यात काच स्वच्छ निघाली आणि शिवकांतानं भरली घागर उचलली.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाले, "ओल्या, सावलीच्या मातीत ही अनवाणी कुठं चालते?"

नीलम्मानं सगळं सांगितलं. घरचा पानमळा होता, नागवेलीच्या पानांचा. पानवेलीत लक्ष्मी असते, म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासून तिथं कुणी चप्पल घालून शिरत नसे. आणि गडीमाणसं बांधापलीकडं न जाता मळ्याच्याच कडेला शौचाला बसत.

"तिथं अंडी फुटतात, अळ्या तळपायातून आत शिरतात," डॉक्टर म्हणाले. "पोट मी साफ केलं. मळा तुम्ही करायचा."

आठवड्यात दूर, उताराच्या बाजूला शौचखड्डा खणला गेला. मग नीलम्मानं सगळ्यांसाठी जाड तळाच्या चपला आणल्या आणि मळ्याच्या तोंडाशी ठेवल्या. कुणी हात लावेना.

"अव्वा, पाप लागंल," नागूबाई म्हणाली. "वेल जळंल."

नीलम्मानं चपला पायात सरकवल्या आणि आत शिरली. पहिल्या वाफ्यात, दुसऱ्या वाफ्यात.

"जळू दे," ती मागं न बघता म्हणाली. "वेल दुसरी लावता येती. सून लावता येत न्हाय. ये गं शिवकांता."

शिवकांता गेली. मग नागूबाई, मग बाकीचे.

वेल जळली नाही. पानं तशीच हिरवी येत राहिली. ज्याच्या घरी कुणी पांढरं पडलंय, माती खातंय, चार पावलांत धापा टाकतंय, त्यानं नळीवाला शोधू नये. डबी घ्यावी आणि दवाखाना गाठावा. शी न्यायची लाज वाटली तर एवढंच आठवावं की बाबाचा खेळ त्या लाजेवरच चालला होता.