नाकाच्या भरवशावर

"बाई, आत कोण मेलंय का?" सफाईवाल्या मावशीने नाकाला फडकं लावत विचारलं.

मी बॅटरीच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसले होते. दुपारचे बारा वाजून गेले होते.

"कोणी मेलं नाही. तू आपली फरशी पूस."

"अहो, कुजक्या अंड्यांचा वास मारतोय!"

"फिनेल हुंगून हुंगून तुला भलतेच वास यायला लागलेत."

माझ्या तोंडी लागण्यात अर्थ नाही हे तिला ठाऊक होतं. बादली उचलून ती वॉर्डाकडे गेली. पण खरं सांगते, तिने अंड्यांचं नाव काढलं तेव्हाच मी घाबरले होते. कारण मला कसलाच वास येत नव्हता. अंड्यांचा नाही आणि तिच्या बादलीतल्या फिनेलचाही नाही.

या प्रसूतिगृहाच्या बॅटऱ्या मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे. छपरावर सोलर पॅनेल आणि खाली या खोलीत दोन-दोन व्होल्टचे बारा सेल, एकेक गुडघ्याएवढा उंच. वीज गेली, आणि ती जातेच, की बाळंतपणाच्या टेबलावरचा दिवा या बारांवर चालतो. नुसतं पॅनेल बसवलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांना समजावून माझी जीभ झिजली. पाणी डिस्टिल्डच घालायचं, नळाचं नाही. तेही चार्ज पुरा झाल्यावर, नाहीतर ॲसिड उतू जातं. हातात अंगठी नको, पान्याच्या दांड्याला टेप हवी, डोळ्यांवर चष्मा हवा आणि खिडकी सताड उघडी हवी, कारण चार्ज होताना निघणारा गॅस एका ठिणगीने भडकतो. एकदा एक मोठे साहेब तोंडात सिगारेट ठेवून तपासणीला आले. मी ती त्यांच्या ओठांतून काढली आणि मावशीच्या बादलीत बुडवली. तेव्हापासून सगळे मला ॲसिडबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

दर दोन महिन्यांनी, लख्ख ऊन बघून, सगळ्या सेलना मुद्दाम जास्तीचा चार्ज द्यावा लागतो. मागे पडलेले सेल त्याने बाकीच्यांच्या बरोबरीला येतात. मात्र तो वेळेवर थांबवावा लागतो. पुस्तकात लिहिलंय, थर्मामीटर लावा, दर अर्ध्या तासाला आकडे लिहा. मी कशाला लावतेय! माझं नाक होतं की. दाराबाहेर बसायचं, ॲसिडचा तो बारीक तिखट वास आला की उठायचं आणि व्हरांड्यातला पॅनेलचा खटका पाडायचा. कुजका वास म्हणजे सेल करपायला लागला. तिथपर्यंत मी कधी जाऊच दिलं नव्हतं. इंजिनियर लोक मीटर घेऊन यायचे, तासभर खाटखूट करायचे आणि माझं नाक जे सांगायचं तेच सांगून जायचे. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

मागच्या महिन्यात ताप आला. चार दिवसांनी ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. मला ते कळलं दुधामुळे. मी शेगडीशेजारी बसून भाजी चिरत होते, आणि आमचे हे बाहेरच्या खोलीतून धावत आले. ते घड्याळं दुरुस्त करतात, एरवी घराला आग लागली तरी भिंगातून डोळा काढायचे नाहीत.

"अगं, दूध करपून कोळसा झालं! नाक कुठे गहाण टाकलंस?"

"सर्दी आहे मला."

"ताप जाऊन आठवडा झाला तरी? दवाखान्यात सांगितलंस का?"

"काय सांगू? ॲसिडबाईचं नाक गेलं म्हणून? दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली काढून घेतील माझ्याकडून."

"आणि काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही," मी म्हटलं आणि पातेलं घासायला घेतलं. त्यांच्याशी आठ दिवस धड बोलले नाही. ते बरोबर बोलत होते म्हणूनच राग आला होता.

तर त्या दिवशी सकाळी नवाला मी चार्ज सुरू केला होता. एरवी अकराच्या सुमाराला वास येतो. साडेअकरा झाले, बारा झाले. ऊन कमी असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. वर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

मावशी पुन्हा आली. आता तिचे डोळे लाल झाले होते.

"बाई, मला बोला हवं तर, पण डोळे चुरचुरायला लागलेत. आत एक पोरगी कळा देतेय. काय पेटलंबिटलं तर?"

मी तिच्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं मी या बाईला या दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"खरंच अंड्यांचा वास आहे?"

"खोटं कशाला सांगू? तुम्हाला येत नाही?"

"नाही," मी म्हटलं. "मला आता कसलाच वास येत नाही."

बोलून गेले आणि उठले. आधी खटका पाडला. मावशीला म्हटलं, "व्हरांडा रिकामा कर. खोलीतल्या दिव्याच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही." खिडकी उघडीच होती, मागचं दारही उघडलं आणि वारा खेळू दिला. तासाभराने हातमोजे आणि चष्मा चढवून आत गेले. कपाटातला थर्मामीटर काढला, त्याच्या वेष्टनाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पाचवा सेल अजून साठ अंशांवर होता. त्याची बाजू फुगली होती आणि पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या होत्या. बाकीचे अकरा तापले होते, पण शाबूत होते. अजून थोडा वेळ गेला असता तर तेही गेले असते, आणि गेले असते ते माझ्यामुळे.

पाचवा काढून मी त्याच्या जागी राखीव सेल जोडला. चार वाजता वीज गेली. टेबलावरचा दिवा जळत राहिला, आणि पाच वाजता त्या पोरीला मुलगी झाली. भारी खणखणीत आवाजाची.

सिस्टरने मला बाजूला घेतलं. "बाई, चार्ज आवरणारा कंट्रोलर बिघडला होता म्हणा. कोण बघायला येतंय?"

"मी आहे ना बघायला," मी म्हटलं आणि सरळ डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्या हात धूत होत्या. मी दुधापासून सगळं सांगितलं आणि किल्ली बेसिनच्या कडेवर ठेवली. त्यांनी आधी नळ बंद केला, हात पुसले.

"महिनाभर लपवलंत. हे मला आवडलेलं नाही."

"मलाही नाही."

त्यांनी किल्ली उचलून माझ्या हातात दिली. "थर्मामीटर लावायचा, आकडे लिहायचे. आणि यापुढे एकटीने नाही करायचं."

"सोबत कोण?"

"ज्यांना वास आला त्या."

दोन महिन्यांनी पुन्हा लख्ख दिवस बघितला. व्हरांड्यात आता आम्ही दोघी. मावशीला मी हातमोजे घालायला शिकवलं, ॲसिड सांडलं तर सोडा कुठे आणि पाणी कुठे हे दाखवलं. माझी शिकवायची पद्धत काही गोड नाही, पण तिनेही ऐकवायचं ते ऐकवलं. दर अर्ध्या तासाला मी आत जाऊन आकडे घेत होते. अकराला दहा मिनिटं कमी असताना काम पुरं झाल्याचं आकड्यांनीच सांगितलं, आणि मी खटका पाडला.

"आता येतोय हं थोडासा," मावशी म्हणाली.

"कसा?"

"कसा म्हणजे? ॲसिडचा. झालं ना काम, लिहा की."

"लिहिते गं. कसा येतोय ते नीट सांग."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग फडकं खाली ठेवून तिने लांब श्वास घेतला.

"जिभेवर नाणं ठेवलं की लागतं ना, तसा. आणि मागून जरा, काडी विझवल्यावर येतो तसा."

मी डोळे मिटून घेतले.

"अजून सांग," मी म्हटलं.