बिनभरतीचं पाणी

अमेरिकेत राहणाऱ्या गिरिजानं वडिलांना कॅनडात मासे पकडायला न्यायचं ठरवलं, ते काही निव्वळ माशांसाठी नव्हतं. सांगत मात्र ती सगळ्यांना तसंच होती. ऑफिसात तेच, महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला तेच, आणि देवगडच्या मावशीला फोनवरही तेच. "बाबांना जरा होडीत बसवून आणते गं मावशी, बिचारे ईडन प्रेरीच्या अपार्टमेंटमध्ये आंबून गेलेत." खरा बेत एकट्या नंदूला ठाऊक होता. असणारच, त्याच्याच सुपीक डोक्यातून तो निघाला होता.

नंदू तिच्या टीममधला, नागपूरचा, दुसऱ्याच्या अडचणीवर उपाय काढण्यात पटाईत. "काकांची इथं राहायची मुदत सप्टेंबरअखेर संपते ना? मग त्यांना कॅनडात ने. परत येताना बॉर्डरवर आपला अमेरिकन ऑफिसर विचारतो, हे किती दिवस राहणार? तू गोड हसून सांगायचं, सहा महिने. मूड बरा असेल तर नवीन शिक्का मारून देतो यार. तेवढ्यात तू ग्रीन कार्डाचे पेपर्स फाइल कर. तू आता सिटिझन आहेस, मग घाबरते कशाला?"

"आणि नाही मारला शिक्का तर?"

"तर मासे खाऊन या. माझी कनू घेऊन जा, गॅरेजमध्ये धूळच खातेय."

कनू म्हणजे इथली ती निमुळती, हलकी होडी. गिरिजानं ती गाडीच्या टपावर बांधली, कॅनडाचा व्हिसा लागलेला बाबांचा पासपोर्ट तीनदा तपासला, आणि ऑगस्टच्या एका सकाळी बापलेक उत्तरेला निघाले.

बाबा म्हणजे श्रीरंग. देवगडजवळच्या खाडीवरचे, जन्म होडीत काढलेले. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात एकटे. गेल्या वर्षी धक्क्याच्या पायऱ्यांवरून घसरले, मनगट मोडलं, आणि कुणाचं लक्ष जाईपर्यंत तिथंच पडून राहिले. गिरिजाला हे आठवड्यानं कळलं, तेही मावशीकडून. फोनवर बाबा म्हणाले होते, "काय नाय गो, जरा मुरगळला." त्या रात्री ती फोन ठेवून ढसाढसा रडली होती. लग्न तिनं केलं नव्हतं, तो विषयही आता घरात कुणी काढत नव्हतं. जगात आपलं म्हणावं असं हेच एक माणूस, आणि ते सातासमुद्रापार एकटं पायऱ्यांवरून घसरतंय! पुरे झालं, असं म्हणून तिनं मार्चअखेर त्यांना इकडे आणलं होतं.

आणलं खरं. बाबांनी कसली तक्रार केली नाही, हीच मोठी पंचाईत. टीव्ही लावू? "तुका बरा वाटात तसा." देवळात जाऊ या? "तुका बरा वाटात तसा." दिवसभर बाल्कनीत बसून ते खालच्या तळ्यातली बदकं बघायचे. रात्री झोप नीट नव्हती. कधी बारा वाजता, कधी दोन वाजता बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज यायचा. वय झालं, असं म्हणून गिरिजा कूस बदलायची.

गाडीत तिनं एकदाचं सांगून टाकलं. "बाबा, मी ठरवलंय. तुम्ही आता इथंच राहायचं, माझ्याकडे. परत येताना ऑफिसर विचारेल, तेव्हा मी बोलेन. चालेल ना?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. बराच वेळ नुसती झाडंच चालली होती. "तुका बरा वाटात तसा," ते म्हणाले.

गिरिजानं तो होकार धरला. सोयीचंच होतं ते.

सीमेवरच्या इंटरनॅशनल फॉल्स गावाला पोचता पोचता कागदाच्या गिरणीचा उग्र वास गाडीत शिरला. गिरिजानं नाक दाबलं. बाबा मात्र ताठ बसले, चार वेळा श्वास ओढून म्हणाले, "खंयतरी मासळी सुकवतत!" पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला होता. तिनं नाकावरचा हात काढला. वासाचा आनंद कशाला मोडायचा?

पूल ओलांडला की कॅनडा. तिथल्या चौकीवरच्या बाईनं विचारलं, दारू? हत्यारं? जिवंत आमिष? खायचं काही? गिरिजा नाही-नाही म्हणत असताना बाबांनी मांडीवरच्या पिशवीतून नारळ काढला आणि तिच्यासमोर धरला. नव्या पाण्यात होडी घालायची तर नारळ दिल्याशिवाय कसं चालेल? तो त्यांनी इंडियन स्टोअरमधून निवडून, वाजवून घेतला होता. त्या बाईनंही तो कानाशी धरून हलवला, आत पाणी डुचमळलं तशी हसली, आणि जा म्हणाली.

तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ निळ्या रेषेसारखा दिसत होता. नकाशात त्याच्या मधोमध एक तुटक रेघ होती. अलीकडे कॅनडा, पलीकडे अमेरिका. पाण्यावर मात्र काही म्हणजे काही नव्हतं. बाबांनी हात जोडून नारळ पाण्यात सोडला. तो जरा बुडाला, वर आला, आणि तिथंच डुलत राहिला. बाबांनी थोडी वाट बघितली. घरी लाट येऊन नारळ घेऊन जाते. इथं कुणी घ्यायला येईना.

"बसा हो बाबा, जाईल तो सावकाश," गिरिजा म्हणाली.

मग ती दुपार. ती दुपार गिरिजा जन्मात विसरणार नाही. पुढे बाबा, मागे ती, आणि दोघांची वल्ही एका लयीत पाण्यात उतरायची. थोड्या वेळानं वल्ह्यांचाही आवाज ऐकू येईनासा झाला. खाली ढग, वर ढग, आणि मधून होडी चाललेली. बेटांमागून बेटं येत होती, त्यांच्यावर काळे खडक आणि त्यांतून वाकडीतिकडी उगवलेली झाडं. कुठून तरी एक पाणपक्षी ओरडायचा, लांबलचक, कुणाला तरी हाक मारल्यासारखा. दुसऱ्या टोकाकडून त्याला उत्तर यायचं. बाबा वल्हं थांबवून ऐकायचे. मधूनच ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, नवल करायचे, आणि पुन्हा थोड्या वेळानं घेऊन बघायचे.

"गोडा," ते मागे वळून म्हणाले. "एवढा सगळा गोडा?"

"सगळं."

"आणि भरती कधी येता?"

"येत नाही बाबा. तळं आहे हे."

"म्हणजे येणाच नाय?" त्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं. "मगे ह्या पाणी करता काय दिवसभर?"

गिरिजा खळखळून हसली. बाबाही हसले. पाण्यावर दोघांचं हसणं लांबवर गेलं, आणि तिला वाटलं, झालं, जमलं! हा माणूस आता इथं रमणार. दर उन्हाळ्यात आणू, आपली स्वतःची होडी घेऊ. तिनं मनातल्या मनात होडीचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

संध्याकाळी एका बेटावर तंबू ठोकला. कनू दोघांनी अर्धी वर ओढून ठेवली. बाबांना तिथले वॉलआय नावाचे तीन मासे लागले होते. तिरफळं आणि कोकमं घालून त्यांचं कालवण झालं. बाबांनी भात कालवला, पहिला घास घेतला, आणि मान डोलावली. "मासो बरो आसा. जरा अळणी, पण बरो." एवढं म्हणून तीनदा भात घेतला. त्या आनंदात गिरिजा कधी झोपली, तिलाच कळलं नाही.

सकाळी जाग आली तर बाहेर नुसतं धुकं. झाडं नाहीत, पाणी नाही, जग पुसून टाकल्यासारखं. ती अनवाणीच काठाशी गेली. बाबा खडकावर उभे होते, आणि कनू जिथं ठेवली होती तिथं कनू नव्हती.

तिनं आधी तंबूत जाऊन उशाखालची पिशवी चाचपली. पासपोर्ट होते. मग ती धावत परत आली. "बाबा, होडी कुठंय?"

धुकं हळूहळू वर उचललं गेलं तशी ती दिसली. लांब, पार त्या तुटक रेघेच्या पलीकडे, हिरवी कनू वाऱ्यावर आरामात चालली होती. बिनपासपोर्टची अमेरिकेत!

"अहो, पण आपण ती वर ओढून ठेवली होती ना?"

"मी सोडलंय पाण्यात." बाबांचा आवाज इतका बारीक तिनं कधी ऐकला नव्हता. "रात्री जाग इली. ओहोटी लागली असा वाटला. होडी चिखलात बसात, सकाळी निघाची नाय. म्हणान पाण्यात ढकललंय, दोरी लांब ठेवन. दगडाक फास टाकलंय." ते खाली बघत होते. गुळगुळीत दगडावरून फास केव्हाच निसटला होता. "इसारलंय गो. तू सांगितलं होतंस. झोपेत इसारलंय."

असं म्हणून ते सरळ पाण्यात उतरले. गुडघाभर, मांडीभर. गिरिजानं मागून त्यांचा शर्ट घट्ट धरला. "बाबा, वेड लागलंय का? बर्फासारखं पाणी आहे! कुणीतरी येईल बोटीनं, बसा बघू."

दोघं खडकावर बसली. तिनं त्यांचे पाय टॉवेलनं पुसले, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

"बाबा, घरी रात्री उठता ते... ईडन प्रेरीला... बाल्कनीत कशाला जाता?"

"सवय," बाबा ओशाळून म्हणाले. "चंद्र बघूक. चंद्र बघितलो की कळता, खाडीत पाणी चढला की उतरला. एकदा बघितला की झोप लागता."

कधी बारा वाजता, कधी दोन वाजता. रोज थोडं उशिरा. भरती रोज थोडी उशिरा येते, हे खाडीवर वाढलेल्या मुलीला कुणी सांगायला हवं होतं? लहानपणी ह्याच वेळांवर घरातली चूल पेटायची. आणि ती म्हणत होती, वय झालं! पाच महिने हा माणूस तिच्या सोफ्यावर झोपत होता आणि रोज रात्री उठून आपली होडी बघून येत होता. गिरिजाला रडूच कोसळलं.

"तुम्हाला घरी जायचंय ना, बाबा?"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मोडून बसलेलं ते मनगट अजून जरा वाकडंच होतं. "तुका बरा वाटात तसा," ते म्हणाले.

उन्हं वर आल्यावर एक म्हातारा अमेरिकन मोटरबोटीतून फटफटत आला. मागे दोरीनं बांधलेली कनू. कोळी कोळ्याला ओळखतो तसा तो बाबांकडे बघून हसला. मग जरा घुटमळला, बोटीतून वाकून एक वस्तू काढली आणि मोठ्या शंकेनं विचारलं, हे पण तुमचंच का?

नारळ होता. त्यानं आयुष्यभर त्या तळ्यात मासे धरले होते, पण असला मासा त्याला आजवर कधी लागला नव्हता. बाबांनी तो घेतला, दगडावर फोडला, आणि अर्धा नारळ त्याच्या हातावर ठेवला.

परतीच्या पुलावर गाड्यांची रांग होती. गिरिजानं वाक्य तर घरूनच पाठ करून आणलं होतं. खिडकीतल्या तरुण ऑफिसरनं पासपोर्ट उघडले, वाकून बाबांकडे बघितलं. मूड त्याचा अगदी छान होता. "मासे मिळाले का?" वगैरे झालं, आणि शिक्का हातात घेऊन त्यानं विचारलं, तुझे वडील आणखी किती दिवस राहणार?

बाबा सरळ पुढे बघत बसले होते, पिशवीवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे.

धक्क्याच्या त्या पायऱ्या गिरिजाच्या डोळ्यांपुढे आल्या. पुन्हा घसरले तर? कोण उचलेल? तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"सप्टेंबरअखेरचं तिकीट आहे," ती म्हणाली. "ते घरी जाणार आहेत."

ऑफिसरनं पासपोर्ट परत दिले. फाटक वर गेलं. गिरणीचा वास आला आणि मागे पडला.

"काय इचारल्यान गो?" बाबांनी विचारलं.

"विचारत होता, तुम्ही घरी कधी जाणार."

"मगे, तू काय सांगितलंस?"

"सप्टेंबरअखेर."

झाडांमागून झाडं गेली. आणि मग बाबा बोलायला लागले. पडवीच्या छपराचे नळे बदलूक व्हये. तवसर समुद्र शांत झालेलो आसतलो. दोरी नवी घेऊक व्हयी, जुनी कुजली. मावशीक सांग, घर उघडून ठेव. आणि हो, त्या पायऱ्यांक कठडो घालून घेतंय, तू काळजी करू नको. पाच महिन्यांचं साठलेलं सगळं, न थांबता, हात हलवून हलवून. मधूनच स्वतःशीच हसत होते. गिरिजा हूं हूं म्हणत होती. रस्ता तिला नीट दिसत नव्हता.

"मागची गाडी भोंगो वाजवता गो," बाबा म्हणाले. "जरा जोरात चालव की!"

"चालवते," ती म्हणाली. रस्ता पुरा मोकळा होता, आणि एकेक गाडी त्यांना मागे टाकून पुढे जात होती.