अज्जाच्या मापाची गाडी

धम्मानंदा, तू मधी बोलू नको, नुसता ऐक. तू नांदेडला बसून हायस, तुला कुणी अर्धं सांगितलं असंल तर ते पण इसरून जा. मुरुडचा संगमेश्वर, आपला संग्या, तेनं घरी गेम बनवला. मोबाईलमधला न्हाई रे. बसून खेळायचा.

झालतं असं, लहानपणी संग्या नांदेडला मामाकडं गेलता. तिथं एका दुकानात असली गाडी होती. गाडी म्हणजे लाकडाचा खोकाच, पण आत सीट, समोर पडदा, हातात स्टेरिंग, पायात रेस आन ब्रेक, दोन्हीकडून भिंती, डोक्यावर छप्पर. नाणं टाकलं की आत बसल्या बसल्या रस्ता पळायला लागायचा. मामानं एकच डाव खेळू दिला. पुढं ते दुकान बंद पडलं, तिथं चपलांचं निघालं, संग्या आयटीआय झाला, लातूरला कामाला लागला, पण डोक्यावरचं ते छप्पर काय उतरलं न्हाई.

मग ह्या वर्षी तेनं घरामागच्या पत्र्याच्या शेडात काम काढलं. भंगारातून जुन्या कारची सीट आणली. स्टेरिंग ऑनलाइन मागवलं. घरातला जुना टीव्ही आईला न इचारता उचलला, आन आईनं इचारलं तवा म्हणला, “दुरुस्तीला टाकलाय.” प्लायवूड कापायला गल्लीतले व्यंकट मिस्त्री. नकाशा नेटवरनं काढलेला, कुण्या परदेशातल्या माणसाचा.

व्यंकट मिस्त्रीनं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, आन म्हणले, “संग्या, हे कुण्या लांब तंगडीच्या माणसाचं माप हाय. तू ह्याच्यात बसलास तर तुझे पाय ब्रेकला पोचायचे न्हाईत. बसलेल्या माणसाचं माप आण. कंबर ते टाळू, कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच.”

आता स्वतःचं बसलेलं माप स्वतःला कसं घेता येणार? बाप राजशेखर दुकानात, आन तसं पण तेचं ह्या कामावर आधीच तोंड वाकडं. आई, म्हणजे आपली शिवकन्याकाकू, लाह्या भाजून राहिलेली. मग संग्याला अज्जा दिसले.

अज्जा म्हणजे संग्याचा आजा, महादेवप्पा. सारी उमर मोंढ्यात धान्याची आडत केली, आता समोरच्या खोलीत खुर्चीवर असतेत. तब्येत जरा नरमच. पण बांधा बघशील तर संग्याचाच. सगळे म्हणतेत, एकाच साच्यातनं काढलेत. अज्जा खुर्चीवर ताठ बसल्या बसल्या डुलकी घेऊन राहिलते. संग्यानं टेप काढला, कंबर ते टाळू घेतलं, कंबर ते गुडघा घेतलं, आन टाचेपाशी वाकला तवा वर बघतो तर अज्जाचे डोळे उघडे.

“काय करून राहिला रे?”

“काय न्हाई अज्जा. माप घेऊन राहिलो.”

“बरं,” अज्जा म्हणले, आन डोळे मिटले.

बास. एवढंच बोलणं झालं. संग्याला वाटलं, मिटलं काम.

खोका तयार झाला तो बराबर खांडेनवमीला. रंग अजून बाकी होता, नुसता पांढरा प्रायमर. पण शिवकन्याकाकूचं म्हणणं पडलं की, आज समद्या हत्यारांची, मशिनींची पूजा असतीय, तुझ्या ह्या लाकडाला तरी कशाला उपाशी ठेवू. तिनं तेला झेंडूचा मोठा हार घातला, छपराच्या चारी कोपऱ्याला आंब्याचे डहाळे बांधले, मधोमध भस्माचे तीन पट्टे ओढले.

आन मग संग्याला आठवलं की टीव्हीचा प्लग समोरच्या खोलीत हाय. मागलं दार अरुंद. म्हणजे गल्लीतनं वळसा घालून आणावं लागणार. खोका जड. व्यंकट मिस्त्री म्हणले, त्यात काय, आन खालनं दोन बांबू बांधले. चौघांनी खांदे दिले. पुढं संग्या, “सावकाश, सावकाश” म्हणत.

धम्मानंदा, सगळी गल्ली उभी राहिली रे. चहाच्या टपरीवरचे लोक उठले. एकानं डोक्यावरची टोपी काढली. कापडवाल्यानं अर्धं शटर खाली ओढलं. एक म्हातारी हात जोडून म्हणली, “सुटले बिचारे.” संग्याला वाटलं, लोक आपल्या कामाची कदर करून राहिलेत. तेनं पण सगळ्यांना हात जोडले.

तुमच्यात कसं असतंय मला म्हाईत न्हाई, पण आमच्या लिंगायतात मेलेल्या माणसाला आडवं नेत न्हाईत. बसवून नेतेत. विमान म्हणतेत तेला. बसायची जागा, मागं पाठ, वर छप्पर, फुलं लावायची, भस्म लावायचं, खाली बांबू, आन चौघांचे खांदे. माणूस गेल्यावरच बांधायचं असतंय ते, आधी न्हाई. आधी बांधणं म्हणजे तू समजून घे.

असलं ते विमान आणून संग्यानं अज्जाच्या खुर्चीसमोर ठेवलं. रिकामं. हार घातलेलं.

अज्जांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग इचारलं, “माप बराबर आलं का?”

आन हा गाढव काय म्हणावा! “एकदम बराबर, अज्जा! तुमचंच घेतलंय. तुम्हाला आत बसवलं की फिट!”

“चांगलं केलंस,” अज्जा म्हणले. “वेळेवर धावपळ नको.”

दुपारी ताट आलं, अज्जांनी बाजूला सारलं. भूक न्हाई. रात्री पण न्हाई. दसऱ्याच्या दिवशी पुरणपोळी केलती, तिला हात लावला न्हाई. हातातलं घड्याळ काढून राजशेखरला दिलं. व्यंकट मिस्त्रीला बोलावून म्हणले, “काम साफ झालंय, पण पाठ जरा तिरकी ठेवलीस.” मिस्त्री म्हणले, “तिरकीच बरी अज्जा, लांबचा प्रवास असला की आराम पडतो.” तेला गाडीचंच डोक्यात.

शेवटी उलगडा झाला तो आईला. ती ताट परत न्यायला आली, अज्जाकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं, खालचे बांबू बघितले, आन ताट हातात तसंच धरून शेडाकडं पळाली.

“अरं मेल्या! तू जित्या माणसापुढं काय आणून ठिवलंस?”

“गेम.”

“गेम म्हणं! तेला वाटून राहिलंय आपण तेच्या मरणाची वाट बघून राहिलोत! दोन दिवस झाले, पोटात अन्न न्हाई!”

तवा कुठं पोराच्या डोक्यात उजेड पडला. समोरच्या खोलीत धावत आला, अज्जाच्या पायाशी बसला, सगळं सांगून झालं. नांदेडचं दुकान, मामा, परदेशी तंगडी, सगळं. अज्जांनी शांतपणे ऐकलं. मग तेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणले, “खोटं बोलायची काय गरज न्हाई, संग्या. मला राग न्हाई आला. आमच्या बापाच्या टायमाला विमान येळेवर झालं न्हाई, लोक उन्हात ताटकळले. तू इचार करून ठेवलास.”

आता तोंडानं सांगून उपेग न्हाई हे संग्याला कळलं. तेनं बांबू सोडले, वायरी जोडल्या, पडदा चालू केला, आन अज्जाला काखेत धरून आत बसवलं. हार काढायचा राहिला. पाय बराबर ब्रेकवर पोचले.

पडद्यावर रस्ता आला. हिरवं रान, निळं आभाळ. अज्जा बघतच राहिले. “हे कुठलं?”

“कुठलंच न्हाई, अज्जा. उजव्या पायानं दाबा.”

दाबलं. गाडी हलली. अज्जांनी स्टेरिंग असं धरलं जसा बैलाचा कासरा धरतेत, सैल. बाकीच्या गाड्या सूं सूं करत पुढं गेल्या. अज्जा कडेकडेनं, सावकाश. वळण आलं की तोंडानं “हो, हो” म्हणायचे. मागनं कुणी आलं की डाव्या अंगाला घेऊन तेला जाऊ द्यायचे. रेस संपली, नंबर शेवटचा.

“अज्जा, तुम्ही शेवटचे आले.”

“म्हणजे सगळे गेले, मी हाय अजून,” अज्जा म्हणले. “परत लाव.”

परत लावली. तिसऱ्यांदा लावली. मधीच म्हणले, “शिवकन्या, पोळी हाय का शिळी?” काकू पदरानं डोळे पुसत पोळी आणायला गेली. दूध घालून दिली. एका हातात पोळी, एका हातात स्टेरिंग.

आता इथं खरं ऐक. गल्लीतली बातमी फिरत फिरत दोन दिवसांनी उदगीरला पोचलती, कुणीतरी फोन केलता. महादेवप्पाचं विमान निघालं म्हणून. तिथं तेची लेक गुरम्मा, संग्याची आत्या. ती जीपभर माणसं घेऊन निघालेली. दारातच हंबरडा फोडला, “अप्पाऽऽ!” आन आत आली तर समोर काय? छप्पर, झेंडूचा हार, भस्माचे पट्टे, आन आत अप्पा ताठ बसलेले, डोळे सताड उघडे, पापणी हलंना.

ती जमिनीवरच बसली. मागची माणसं रडायला लागली. तवर विमानातनं आवाज आला.

“गुरम्मा, जरा गप. वळण हाय.”

जावईबापू उंबऱ्यातनं मागं सरकले ते सरळ जीपमधी जाऊन बसले.

पाणी शिंपडून आत्याला उठवलं, चहा झाला, सगळं सांगून झालं. आत्यानं संग्याला शिव्या घातल्या, मग हसली, मग परत रडली. अज्जांनी रेस संपवली. शेवटचे. मग स्टेरिंग न सोडताच सगळ्यांकडं बघितलं.

“सगळे आलेच हायेत तर बोलून घेतो. सीट लई चांगली हाय. पाठ तिरकी हाय तीच बरी. मी जाईन तवा दुसरं काय बांधू नका, मला ह्याच्यातच न्या.” राजशेखर लगेच म्हणला, “हाव, हाव, नेऊ की,” कारण तेला खोलीतनं ते कसं पण घालवायचंच होतं. पण अज्जा तेच्याकडं बघंनात. ते संग्याकडं बघून राहिलते. “तुला न्हाई इचारलं, राजशेखर. ज्याची गाडी हाय तेला इचारलं. काय रे, देशील का?”

आता तूच बघ, धम्मानंदा. हाव म्हणावं, तर दोन दिवस उपाशी राहिलेल्या म्हाताऱ्याला तोंडावर सांगितल्यासारखं झालं की, व्हय, तुमच्यासाठीच करून ठिवलंय. न्हाई म्हणावं, तर आख्ख्या उदगीरसमोर असं झालं की, पोराला अज्जापेक्षा लाकडाचा खोका प्यारा.  पडद्यावर गाडी उभी. अज्जाचा उजवा पाय रेसवर, पण दाबंनात, जवाब आल्याबिगर पुढची रेस सुरू करंनात. आन संग्या तेच्यासमोर हातात पाना धरून उभा.

तू असतास तर काय म्हणला असतास?